कोविडचे प्रश्न आणि तुम्हाला सापडलेली उत्तरं: अनुभव लिहा

जागतिक आरोग्य संघटनेनं ५ मे २०२३ ला कोविडची आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. विषाणू काही गेला नाही. अजूनही घरात कुणी पॉझिटिव्ह आलं की तेच प्रश्न सुरू होतात: मास्क कुठला, वेगळं कधीपर्यंत राहायचं, औषध काय, दवाखाना कधी गाठायचा? उत्तरं मधल्या काळात बरीच बदलली, पण आपल्या डोक्यात बसलेली बहुतेक २०२० सालचीच आहेत. म्हणून हा धागा.

फॉरवर्ड नकोत. स्वतः केलेलं, पाहिलेलं लिहा, आणि डॉक्टरांनी कारण सांगितलं असेल तर तेही. "आम्ही अमुक घेतलं आणि बरे झालो" एवढंच लिहून भागणार नाही, कारण बहुतेक लोक काही न घेताही बरे होतातच.

सुरुवात मीच करते. नवरा पॉझिटिव्ह आला तेव्हा त्याला खिडकीच्या खोलीत ठेवलं आणि खिडकीत पंखा बाहेर तोंड करून लावला, म्हणजे त्याच्या खोलीतली हवा घरात न येता बाहेर जावी. हा विषाणू मुख्यतः श्वासातून आणि बोलण्यातून पडणाऱ्या बारीक कणांतून पसरतो आणि बंद खोलीत ते हवेत रेंगाळतात. त्यामुळे पिशव्या नि डबे पुसत बसण्यापेक्षा हवा खेळती ठेवण्यावर आम्ही भर दिला. त्याच्या खोलीत जाताना मी एन-९५ लावायचे, तोही मास्क लावायचा. बाकी कुणाला झाला नाही. त्यात पंख्याचं श्रेय किती आणि नशिबाचं किती, देव जाणे.

*

मी कोविड वॉर्डात नर्स होते. लोक विचारायचे, "तो पीपीई सूट घालून भीती वाटत नाही का?" घालताना नाही, काढताना वाटायची. ड्यूटी संपली की माणूस थकलेला असतो, घामानं चेहरा खाजत असतो आणि सगळ्यात दूषित भाग बाहेरच्या बाजूला असतो. आमच्याकडे काढताना समोर दुसरी व्यक्ती उभी असायची, एकेक पायरी मोठ्यानं सांगायला. आधी ग्लोव्ह्ज, मग हात स्वच्छ, गॉगल, गाऊन, आणि मास्क सगळ्यात शेवटी, तोही खोलीबाहेर आल्यावर. परत हात.

घरी एवढं सगळं लागत नाही, पण मास्क दोऱ्या धरून काढावा हे तिथेही तेवढंच खरं. पुढच्या बाजूला हात लावून तो हनुवटीवर ओढायचा आणि पुन्हा वर चढवायचा, याला मी मास्क म्हणत नाही. झडप असलेला एन-९५ घालणाऱ्याला वाचवतो, पण त्याचा उच्छ्वास न गाळता बाहेर सोडतो, म्हणून रुग्णानं तो घालू नये. बाहेर दिवसभर ग्लोव्ह्ज घालून फिरण्यात अर्थ नाही: त्याच हातांनी फोन, तेच हात चेहऱ्याला. साबण २० सेकंद पुरतो, कारण या विषाणूचं आवरण स्निग्ध असतं आणि साबण तेच फोडतो. पाणी नसेल तर किमान ६० टक्के अल्कोहोलचं सॅनिटायझर. आणि माणसांवर जंतुनाशक फवारण्याचे जे प्रकार झाले ते नुसते निरुपयोगी नव्हते, डोळ्यांना आणि त्वचेला अपाय करणारे होते.

*

सासऱ्यांचा ताप उतरला होता, टीव्ही पाहत होते, गप्पा मारत होते. बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर ९५ टक्के दाखवत होता. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, सहा मिनिटं खोलीतल्या खोलीत चालवा आणि परत बघा. ८९ आला. धाप अजिबात नव्हती, म्हणूनच सगळे निर्धास्त होतो. लगेच दाखल केलं. तिथे त्यांना पालथं झोपवायचे, फुप्फुसाच्या मागच्या भागात हवा नीट पोहोचावी म्हणून. बरे होऊन घरी आले, आता मलाच दटावतात, "सूनबाई, माझ्या बोटाला ते यंत्र लावत जाऊ नकोस."
बोटं गार असतील किंवा नखाला रंग असेल तर आकडा चुकतो. गडद त्वचेवर तो खऱ्यापेक्षा जास्तही दिसू शकतो. आकडा बरा असला तरी ओठ निळसर दिसले, छातीत दुखलं किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला तर थांबू नका.

*

वर सासऱ्यांबद्दल लिहिलंय त्याला जोडून. मी फिजिशियन आहे. सर्वांत जास्त वेळा ऐकलेलं वाक्य: "डॉक्टर, काहीतरी स्ट्राँग सुरू करा." म्हणजे स्टेरॉइड, तेही तापाच्या पहिल्या दिवशी! ऑक्सफर्डच्या रिकव्हरी चाचणीचे निष्कर्ष जून २०२० मध्ये आले. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडनं व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं घटले, ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशानं. ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांना फायदा दिसला नाही. कारण साधं आहे. सुरुवातीला विषाणू वाढत असतो, तेव्हा प्रतिकारशक्ती दाबून कसं चालेल? नंतर काहींच्या बाबतीत तीच प्रतिकारशक्ती फुप्फुसावर उलटते, तेव्हा स्टेरॉइड कामाला येतं. वेळ चुकवून, मधुमेह असताना आणि साखर न तपासता दिलेल्या स्टेरॉइडचा म्युकरमायकोसिसशी (काळ्या बुरशीशी) संबंध आपण पाहिलाच.

हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, बरे झालेल्यांचा प्लाझ्मा, आयव्हरमेक्टिन: मोठ्या चाचण्यांत तिन्ही टिकली नाहीत. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही, जिवाणूचा संसर्ग जडला तरच. निर्माट्रेलव्हिर-रिटोनाव्हिर हे खरोखर विषाणूवरचं औषध, पण ते लक्षणं सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत आणि मुख्यतः वृद्ध किंवा जोखमीच्या रुग्णांना. रक्त पातळ करणारी, कोलेस्टेरॉलची काही औषधं त्याच्याशी जुळत नाहीत, तेव्हा चालू गोळ्यांची यादी दाखवल्याशिवाय घेऊ नका. तरुण, निरोगी माणसाला पॅरासिटामोल, पाणी, विश्रांती. यावर समोरच्याचा चेहरा पडतो. मला त्याची सवय झाली आहे.

"लस घेऊनही झाला, मग उपयोग काय?" याचं उत्तर वॉर्डात दिसायचं: लस घेतलेल्यांना संसर्ग व्हायचा, पण गंभीर होऊन येणाऱ्यांत त्यांचं प्रमाण बरंच कमी.

*

बाळंतपणानंतर लगेच पॉझिटिव्ह आले. नातलगांचा फोनवर फोन: बाळाला दूर ठेव, वरचं दूध दे. बालरोगतज्ज्ञांनी उलट सांगितलं. मास्क लाव, हात धू आणि अंगावरच पाज. दुधातून बाळाला कोविड होतो असं दिसलेलं नाही, उलट प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) मिळतात. बाळाला मास्क लावायचा नाही, दोन वर्षांखालच्या मुलांना गुदमरण्याचा धोका असतो. आत्याबाई अजून रुसलेल्या आहेत.

*

वास गेला तो कित्येक महिने परतला नाही. कान-नाक-घसा डॉक्टरांनी गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी रोज दोनदा हुंगायला सांगितलं. सध्या लवंग कळते. गुलाबाला मात्र जळकट वास येतो.

*

एक प्रश्न. बरं वाटून बरेच दिवस झाले, तरी आरटीपीसीआर पॉझिटिव्हच येतेय. ऑफिस म्हणतं, निगेटिव्ह दाखवा. काय करू?

*

@ वरचा प्रश्न: मी लॅबमध्ये काम करते. आरटीपीसीआर विषाणूचे तुकडेही पकडते, जिवंत विषाणू आणि मेलेल्याचे अवशेष यांतला फरक तिला कळत नाही. बरं झाल्यावरही ती कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून परत परत करू नका. डॉक्टरांकडून लक्षणांची तारीख आणि सध्याची प्रकृती लिहिलेलं फिटनेस सर्टिफिकेट घ्या आणि तेच ऑफिसात द्या. अगदीच टेस्ट मागितली तर रॅपिड अँटिजेन सुचवून बघा, संसर्ग ओसरला की ती बहुधा आधी निगेटिव्ह होते.