मदत हवी आहे : डोउ दीझूमध्ये जोडीदाराला साथ कशी द्यायची?

नमस्कार मंडळी, मी कामानिमित्त दीड वर्ष वुहानमध्ये आहे आणि दर शनिवारी रात्री इथल्या दोन मित्रांबरोबर डोउ दीझू हा पत्त्यांचा खेळ खेळते, म्हणजे जमीनदाराशी लढाई. आमच्या हुबेई प्रांताचाच खेळ हा, असं दोघंही अभिमानाने सांगतात. पैसे लावत नाही, हरेल त्याने भांडी घासायची.

माहीत नसेल त्यांच्यासाठी, तिघं जण, दोन जोकर धरून ५४ पानं, प्रत्येकी १७, आणि उरलेली ३ बोली जिंकेल त्याला, तो जमीनदार. बाकीचे दोघं शेतकरी, मिळून त्याच्या विरोधात, ज्या बाजूच्या कुणाची पानं आधी संपतील ती जिंकली. तिर्री सगळ्यात लहान, एक्क्याच्या वर दुर्री आणि तिच्या वर जोकर, इस्पिक-बदाम काही बघायचं नाही. चार सारखी पानं म्हणजे बॉम्ब, दोन जोकरांची जोडी आणि मोठा बॉम्ब सोडला तर कशावरही चालतो.

लहानपणापासून मेंढीकोट खेळलेय त्यामुळे जोडीदार सांभाळायची सवय आहे, पण इथे तो दर डावाला बदलतो आणि मी चुकतेच. परवाचंच सांगते, मी शेतकरी, माझ्यानंतर जमीनदाराची पाळी. हातात चार नव्व्या, शिवाय सत्ती, अठ्ठी, दश्शी, गुलाम आणि एक तिर्री. बॉम्ब मोडायचा नाही म्हणून नव्व्या धरून बसले. जमीनदाराने राजा टाकला, त्याच्याकडे पाच पानं राहिली, जोडीदार पास, मला वाटलं अजून वेळ आहे, मीही पास म्हटलं, आणि जमीनदाराने तिर्री ते सत्ती सलग पाचही एकदम खाली ठेवली. डाव संपला आणि चारही नव्व्या माझ्या हातातच. जोडीदार काही बोलला नाही पण त्याचं तोंड उतरलं ते मला फार लागलं. बॉम्ब मोडायला हवा होता का?

प्रतिसाद : ताई, हिशोब करून बघा. एक नव्वी काढून सत्ती ते गुलाम सलग, मग तीन नव्व्या आणि त्यांच्याबरोबर तिर्री, नऊ पानं दोनच खेळींत. बॉम्ब ठेवला तर सहा खेळी. पण शेतकऱ्याने स्वतःच सुटायला हवं असं नाही, म्हणून ठेवलात तेही चाललं असतं, फक्त त्या राजावर टाकायला हवा होता. मग उतारी तुमची, तुम्ही गुलाम सुटा टाकायचा, तिर्री ते सत्तीतलं काहीच त्यावर चालत नाही, त्याला पास म्हणावंच लागतं. आणि तुमच्या जागेला तिकडे दाराची फळी म्हणतात, जोडीदाराने पंजी टाकली की त्यावर छक्की नाही टाकायची, दश्शी-गुलाम टाकायचा, नाहीतर जमीनदाराची बारकी पानं आरामात निघून जातात. त्याचं एकच पान उरलं तर जोड्या खेळा, दोन उरली तर सुटं मोठं. चार दुर्‍या आणि दोन जोकर, ही सहा पानं मोजतच राहायची, बोलीची तीन तर सगळ्यांना दाखवतात, ती विसरू नका.

मनापासून आभार! पंजीवर छक्की, अगदी हेच करत होते मी, कमीत कमी पानात भागवायचं म्हणून. आता एकच विचारते, एक जोकर आणि दोन दुर्‍या आल्या पण सुटी बारकी पानं पाच-सहा असतील, तर बोली लावायची का सोडून द्यायची?