मदत हवी आहे: बोलायला शिकणाऱ्या बजीला खाऊ काय द्यावा?

नमस्कार. आमच्याकडे गुहागरला सहा महिन्यांचा बजी (छोट्या जातीचा पोपट) आहे, निळू. दुकानदार याला लव्हबर्ड म्हणतात. आपला हिरवा रानपोपट नव्हे, तो पाळायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे. सासूबाई निळूला "या, बसा" शिकवतायत. गणपतीला पाहुणे दारात आले की त्याने म्हणावं, एवढीच त्यांची हौस. संध्याकाळी दिवा लावून झाला की पिंजऱ्यापाशी बसतात. "या" स्पष्ट येतं. "बसा" म्हटलं की मान तिरकी करून आईंच्या तोंडाकडे बघतो, डोळ्याची बाहुली बारीक-मोठी होते आणि घशातल्या घशात काहीतरी घोळवत राहतो.

अडचण खाऊची आहे. दर "या"ला आई चहात बुडवलेलं बिस्कीट देतात, नाहीतर शेव, नाहीतर मिरचीचा तुकडा. मिरचीने जीभ सुटते असं त्यांच्या माहेरी म्हणत. पंधरा दिवसांत निळूचं दाण्यावरून मन उडालंय. सकाळी वाटीत फुंकर मारली तर जेमतेम चार फोलपटं उडतात, म्हणजे दाणा फोडलेलाच नाही. परवा त्याच्यासाठी काढलेल्या शेंगदाण्यांना कुबट वास आला, ते मी टाकून दिले.

आईंना "देऊ नका" म्हणणं माझ्या जिवावर येतं. त्या दोघांचं छान जमलंय. म्हणून त्यांच्या हातात दुसरं काय ठेवू ते सांगा. परड्यात तवसं, दोडकी, शेवगा, अळू आहे. इथले डॉक्टर गुरांचे, पक्षी बघत नाहीत म्हणाले.

प्रतिसाद (दापोली)

ताई, बिस्कीट, चहा, शेव आजपासून बंद. निळूचं वजन असेल ३०-४० ग्रॅम. एवढ्याशा जिवाला शेवेतलं मीठ आणि चहातलं कॅफीन फार होतं. वरचा खाऊ एकूण खाण्याच्या दहाव्या हिश्शापुढे जाऊ देऊ नका.

आमच्याकडे उपयोगी पडलं ते राळ्याचं कणीस. वाटीत रोजचे दाणे ठेवा, कणीस मात्र फक्त आईंच्या हातात. शब्द उमटला की त्याच क्षणी दोन दाणे टिपू द्यायचे. उशीर झाला तर खाऊ कशाबद्दल मिळाला ते त्याला कळत नाही. दहा मिनिटं पुरे.

मिरची दिली तरी चालेल. पक्ष्यांना तिखट झोंबत नाही, म्हणून तो आवडीने खातो. पण बोलण्याशी तिचा संबंध नाही, त्यांचा आवाज श्वासनळीच्या बुडाशी तयार होतो. शेवग्याचा कोवळा पाला, दोडक्याची चकती, कोवळ्या मक्याचे दोन दाणे, सगळं धुऊन द्या. तवसं दिल्यावर शीट पातळ होते, त्याने घाबरू नका. अळू नको, तोंडाला खाजतं. ॲव्होकॅडो आणि चॉकलेट तर विषच. शेंगदाणे टाकलेत ते उत्तम केलंत. पावसाळ्यात बुरशी धरते आणि तिचं विष पक्ष्याच्या यकृतावर जातं.

बिस्कीट बंद केल्यावर फोलपटांवर नजर ठेवा. दिवसभरात दिसली नाहीत, किंवा तो पिसं फुलवून गप्प बसला, तर त्याच दिवशी पक्षी बघणारा डॉक्टर गाठा. पक्षी आजार लपवतात, दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

गणपतीत कोणीतरी मोदक भरवणारच. गर्दीच्या वेळी पिंजरा माजघरात न्या. स्वयंपाकघरात नको. नॉनस्टिक तवा रिकामा तापला तर त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत जातो.

धागाकर्ती

मनापासून आभार. आईंना तुमचं सगळं वाचून दाखवलं. त्यांनी मिरचीचं मुकाट्याने ऐकलं, मोदकाचं दोनदा वाचायला लावलं. आज कणीस हातात घेऊन बसल्या, निळू गजाला लटकून दाणे टिपत होता आणि वाटीत फोलपटंही दिसली. आता एकच विचारते. या दमट हवेत डब्याला ओल सुटते, तुम्ही कणीस कशात ठेवता?