घरातले पहिले डॉक्टर, वकील, सीए: नागपूरकरांनो, अनुभव लिहा

घरात आधी कुणी वकील, डॉक्टर, सीए नव्हतं आणि तुम्ही झालात, किंवा व्हायच्या वाटेवर आहात? मग इथे लिहा. आरक्षणावरचा वाद नको, त्याला बाकी धागे पुरेसे आहेत. प्रवेशानंतरचं सांगा; माझ्या पाहण्यात पोरं गळतात ती तिथेच.

सुरुवात मी करतो. वडील कळमना बाजारात हमाल. लॉची फी शिष्यवृत्तीतून निघाली. सनदेचा (वकिलीच्या परवान्याचा) बोजाही आता हलका झालाय: जुलै 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने बार कौन्सिलांना नोंदणीसाठी कायद्यातल्या 750 रुपयांहून (अनुसूचित जाती-जमातींना 125) जास्त घ्यायला मनाई केली. पण सनद मिळाल्यावर पुढे काय? हायकोर्टात सीनियरच्या मागे फायली घेऊन फिरायचं, महिन्याकाठी पेट्रोल सुटलं तर नशीब. वडिलांचं ऑफिस असलेला ही वर्षं आरामात काढतो. मी रात्री लोकांचे अर्ज टाइप करायचो. ऑक्टोबर 2024 मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने शहरातल्या ज्युनियरला दरमहा 20 हजार द्यावेत असं सुचवलं. सुचवलं, बरं का!

उमरेडची: सीए करतेय. पेपर इंग्रजीत किंवा हिंदीत लिहिता येतो, मराठीत नाही; ते जमवलं. अडलं आर्टिकलशिपला, म्हणजे सीएच्या ऑफिसात करायच्या ट्रेनिंगला. मुलाखतीत पहिला प्रश्न, "वडील काय करतात?" मग, "स्वतःचा लॅपटॉप आहे ना?" बाहेरगावच्या ऑडिटला तिकीट, जेवण आधी आपल्या खिशातून, बिलं पास होतील तेव्हा होतील. 2023 पासून आर्टिकलशिप दोन वर्षांवर आली हे बरं झालं, पण ती दोन वर्षं घरी पैसे कसे पाठवायचे, ते कुणी सांगत नाही.

मेडिकलवाला: गडचिरोलीचा आहे, अनुसूचित जमातीतला. बारावीच्या मुलांनो, जात पडताळणीचा अर्ज अकरावीतच टाका. आम्हाला 1950 च्या आधीचा पुरावा लागतो. आजोबांचा शाळेचा दाखला आणा म्हणे. आजोबा शाळेत गेलेच नव्हते! शेवटी तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून कोतवाल बुकाची (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची) नक्कल मिळाली, त्यात पणजोबांची नोंद सापडली. नीटचा अभ्यास त्यामानाने सोपा वाटला.

इंदोरा: महाज्योतीचा (ओबीसी, भटक्या-विमुक्तांसाठीची सरकारी संस्था) टॅब मिळाला, क्लास ऑनलाइन. घरात खोली एकच, त्यात टीव्ही. टॅब घेऊन रोज अभ्यासिकेत.

ताई_इंजिनिअर: 2024-25 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास), ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मुलींना व्यावसायिक कोर्सची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ. छान आहे, माझी बहीण त्यातच शिकतेय. पण मेसवाल्या काकू फी माफ करत नाहीत न भाऊ. स्वाधारसारख्या राहण्या-जेवणाच्या खर्चाच्या योजनेचे पैसे खात्यात येईपर्यंत अर्धी पोरं उधारीवर जेवतात.

धरमपेठी: सगळं खरं, पण ज्युनियरला 20 हजार द्यायला छोट्या वकिलाकडे तेवढं काम तरी कुठे असतं?

धागाकर्ता: छोट्यांचं मान्य. मी ज्यांच्या मागे फायली घेऊन फिरलो, ते छोटे नव्हते. उमरेडची, माझा जुना लॅपटॉप पडून आहे, एक्सेल नीट चालतं. हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.