देश 'आयएन' की 'यूएस'? सहा गिगाहर्ट्झच्या एका ओळीवरून

मुठाकाठ
रविवारी सहा गिगाहर्ट्झवरही चालणारा नवा वायफाय ६ई राऊटर जोडला. लॅपटॉपमधलं कार्डही नवंच, तरी सहा गिगाहर्ट्झचं नेटवर्क काही दिसेना. टर्मिनलवर देशाचे वायफाय नियम दाखवणारी 'आयडब्ल्यू रेग गेट' ही आज्ञा चालवली तेव्हा कळलं, 'आयएन' या भारताच्या कोडखालच्या ओळी ५८७५ मेगाहर्ट्झला संपतात. म्हणजे २०१८ साली सरकारने ५ गिगाहर्ट्झ मोकळा केला, तिथेच माझा लॅपटॉप थांबलाय.

लिनक्समध्ये कुठल्या देशात कुठली फ्रिक्वेन्सी किती पॉवरने चालते, ते एका छोट्या फाइलीत असतं. देशागणिक चार-सहा ओळी, बस. आपल्याकडे ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त करायचा मसुदा मे २०२५मध्ये आला, पुढे अंतिम नियमही झाले. घरात कमाल पॉवर ३० डीबीएम (म्हणजे एक वॅट), बाहेर १४. ड्रोनसाठी वापरायचा नाही. राजपत्र बदललं, माझ्याकडची फाइल नाही.

ऑफिसातला मित्र म्हणतो, देश 'यूएस', म्हणजे अमेरिका, टाक आणि मोकळा हो. माझं मत: हे करू नये. पॅकेज अपडेट करावं, तिथेही ओळ नसेल तर राजपत्राचा दुवा देऊन फाइल सांभाळणाऱ्यांना पॅच, म्हणजे दुरुस्ती, पाठवावा. आणि त्या ओळीत ३० नाही, २४ लिहावं.

पेठेतलाच
आले कायद्याचे रखवालदार! अहो, लक्ष्मी रोडवर नो एंट्रीतून येणाऱ्याला कोणी विचारत नाही, तुमच्या हॉलमधला राऊटर कोण तपासणार? मी दोन वर्षं 'यूएस'वर आहे. कोणाचंही काही बिघडलेलं नाही.

सिग्नलताई
पेठेतलाच, सहा गिगाहर्ट्झवर तुमचा राऊटर खरंच चालतोय का, एकदा बघा. माझ्याकडच्या फाइलीत अमेरिकेच्या त्या ओळीत पॉवर १२ डीबीएम आहे आणि पुढे 'स्वतःहून प्रक्षेपण नको' असा शेरा. म्हणजे ती फाइल मानणारा राऊटर त्या पट्ट्यात सुरूच होणार नाही. चोरवाटेने गेलात आणि दाराला कुलूप!

दुसरं म्हणजे अमेरिकेने २०२०मध्ये ७१२५पर्यंत सगळं उघडलं. आपल्याकडे ६४२५च्या वरचा भाग मोबाइल सेवेसाठी ठेवलाय. शेरा न मानणारा राऊटर आपोआप तिथलं चॅनल निवडून बसला, तर तुम्हाला पत्ताही लागायचा नाही.

पेठेतलाच
५ गिगाहर्ट्झवर चालतोय. बरं, हे नव्हतं माहीत. 😐

हिंजवडी_नाइट
'यूएस' नको हे मान्य. पण २४चा हट्ट मला अजिबात पटत नाही. नियमात ३० आहे तर फाइलीत ३०च हवं. ६ डीबी कमी म्हणजे पॉवर पाव! एक वॅटचा हक्क असताना २५० मिलिवॅटवर समाधान मानायचं? सरकारपेक्षा आपणच कडक व्हायचं, हा खास पुणेरी आजार आहे. आपल्या जुन्या बिल्डिंगांच्या नऊ इंची विटांच्या भिंतीतून सहा गिगाहर्ट्झ आधीच रडतखडत जातो.

मुठाकाठ
हिंजवडी, नियमाचं पुढचं कलम वाचलंत का? ३० ही एकूण मर्यादा. शिवाय घनतेची, म्हणजे दर मेगाहर्ट्झमागे किती पॉवर याची, ११ डीबीएमची मर्यादा आहे. हिशोब करा: २० मेगाहर्ट्झच्या चॅनलवर ११ अधिक १३ (वीसपट म्हणजे १३ डीबी), म्हणजे २४. ८० मेगाहर्ट्झला जाल तेव्हा कुठे ३० होतात. आणि फाइलीत घनता लिहायला रकानाच नाही, एकच आकडा लिहायचा. राऊटर 'मी इथे आहे' म्हणून सतत जी हाक देतो, तो बीकन तर सहसा २० मेगाहर्ट्झमध्येच जातो. फाइलीत ३० लिहिलं आणि कार्ड चालवणाऱ्या ड्रायव्हरने ते शब्दशः घेतलं, तर राऊटर दर सेकंदाला दहा वेळा नियम मोडतोय.

हा पट्टा रिकामा पडलेला नव्हता, हेही विसरू नका. जमिनीवरून उपग्रहाकडे जाणारे सिग्नल याच पट्ट्यातून जातात. नारायणगावजवळचं आर्वीचं विक्रम केंद्र आठवतंय का? त्या मोठ्या डिश याच कामाच्या.

हिंजवडी_नाइट
बीकनचा मुद्दा बरोबर आहे, तो माझ्या डोक्यात नव्हता. पण मग दुरुस्ती फॉरमॅटमध्ये करा ना! रकाना नाही म्हणून ८० आणि १६० मेगाहर्ट्झचे चॅनल वापरणाऱ्यांनी कायम पाव पॉवरवर राहायचं? आज २४ लिहिलं की दहा वर्षं कोणी हात लावणार नाही, लिहून ठेवा. उपग्रहाचं म्हणाल तर तो ३६,००० किलोमीटरवर, माझा राऊटर स्लॅबखाली.

आणि ज्यांच्याकडे इंटेलचं कार्ड आहे त्यांना हा वादच लागू नाही. ते देश आपल्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे कार्डाच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, ठरवतं, फाइल बदलून ढिम्म फरक पडत नाही.

सिग्नलताई
मुठाकाठ, तुमचं कार्ड इंटेलचं असेल तर सगळी मेहनत पाण्यात. आधी ते सांगा.

मुठाकाठ
नाही हो, मीडियाटेकचं आहे. काल अपडेट चढवलं, तीन १६०चे चॅनल दिसतायत. पॉवर किती लिहिलीय ते मुद्दाम सांगत नाही, हिंजवडी चिडतील.

पेठेतलाच
मलाही 'आयएन' केलं पाहिजे असं दिसतंय. एक शंका: आमच्या गॅलरीला ग्रिल आहे, वर पत्रा आहे, बाजूने काच सरकवलीय. ती घरात धरायची की बाहेर? राऊटर तिथेच आहे.

सिग्नलताई
महापालिकेला ती काच माहीत आहे का?

पेठेतलाच
राऊटर आत घेतो.