‘झामेक’ला मराठीत काय म्हणावे? (माल्बोर्कच्या निमित्ताने)

प्रश्न : पोलंडमधील माल्बोर्क या मध्ययुगीन गावाविषयी लिहिताना ‘झामेक’ या पोलिश शब्दासाठी गड, गढी, कोट आणि किल्ला यांपैकी कोणता शब्द घ्यावा? काही ठिकाणी ‘राजवाडा’ असेही वाचले. ते योग्य आहे का?

उत्तर : ‘गड’ म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर डोंगर उभा राहतो, आणि माल्बोर्क तर नोगात नदीच्या काठी सपाट भूमीवर, लाल विटांत बांधलेला आहे; म्हणून त्याला ‘भुईकोट किल्ला’ म्हणणेच मला सर्वांत नेमके वाटते. ‘गढी’ म्हणजे पाटील-देशमुखांचा तटबंद वाडा. तो शब्द इथे फारच तोकडा पडतो, कारण ट्यूटॉनिक संघ या जर्मन योद्धा-भिक्षूंच्या ख्रिस्ती संघटनेच्या महाप्रमुखाने १३०९ मध्ये आपले ठाणे व्हेनिसहून इथे हलवले आणि त्यानंतर जवळजवळ दीड शतक एका राज्याचा कारभार या तटांच्या आतून चालला. महाप्रमुखाच्या निवासापुरता ‘प्रासाद’ चालेल, परंतु संपूर्ण वास्तूला ‘राजवाडा’ म्हटल्यास खंदक, तट आणि वेढे हे सारे वाचकाच्या नजरेआड होते. १४१० च्या वेढ्यात या किल्ल्याने पोलिश-लिथुआनियन सैन्याला दाद दिली नाही. त्या वेढ्यातला म्हणून दाखवला जाणारा दगडी तोफगोळा आजही महाप्रमुखाच्या उन्हाळी भोजनगृहाच्या भिंतीत रुतलेला आहे. त्या दालनाचे सारे छत एकाच खांबावर तोललेले आहे आणि नेम त्या खांबावरच धरला होता, अशी आख्यायिका आहे.

जाता जाता एक गोष्ट : पोलिशमध्ये ‘झामेक’ म्हणजे किल्ला आणि कुलूपही. षष्ठीत मात्र दोन्ही वेगळे होतात, किल्ल्याचे ‘झाम्कू’ आणि कुलपाचे ‘झाम्का’. यावरून आपल्या ‘किल्ला’ आणि ‘किल्ली’ या शब्दांची आठवण होणे साहजिक आहे. पण ‘किल्ला’ अरबीतून आलेला असल्यामुळे ते साम्य केवळ उच्चाराचे आहे.

प्रश्न : या किल्ल्याचे ‘विसोकी’, ‘श्रेद्नी’ आणि ‘निस्की’ म्हणजे उंच, मधला आणि खालचा असे तीन भाग सांगतात. ‘उंच किल्ला’ कानाला खटकते. सपाटीवर ‘बालेकिल्ला’ म्हणता येईल का?

उत्तर : अवश्य म्हणावे. ‘बाला’ हा फारसी शब्द ‘वरचा’ याच अर्थाचा आहे, आणि शेवटच्या आश्रयाची सर्वांत बळकट जागा हा मराठीतला रूढ अर्थही इथे तंतोतंत जुळतो. चौकाभोवती उभ्या असलेल्या या भागातच संघाच्या योद्धा-भिक्षूंचा मठ आणि चर्च होते. त्याच्यापासून दूर काढलेल्या आणि झाकलेल्या मार्गाने जोडलेल्या बुरुजाला ‘ग्दानिस्को’ म्हणतात. त्यासाठी आपल्या किल्ल्यांच्या वर्णनातला ‘शौचकूप’ हा शब्द तयारच आहे, म्हणून ‘शौचकूपाचा बुरूज’ असे लिहावे.

गावाच्या बाबतीत मात्र एक काळजी घ्यावी. ‘ब्रामा’ला सरसकट ‘दरवाजा’ म्हणू नये. किल्ल्याचा तो दरवाजा आणि गावाची ती वेस. माल्बोर्कच्या ‘ब्रामा गार्नत्सार्स्का’चे नाव कुंभारांवरून पडलेले आहे, तेव्हा ‘कुंभारवेस’ यापेक्षा सुंदर प्रतिशब्द मिळणार नाही. हा भेद केवळ शोभेचा नाही. १४५७ मध्ये संघाला पगार देता न आल्यामुळे त्याच्याच भाडोत्री सैनिकांनी किल्ला पोलंडचा राजा चौथा काझिमिएझ याला विकला. नगरप्रमुख बार्थोलोमेउस ब्लूमे याने मात्र गाव संघाच्याच बाजूने १४६० पर्यंत लढवले आणि गाव पडल्यावर त्याला देहदंड झाला. म्हणजे काही वर्षे तटाच्या आत एक सत्ता होती आणि वेशीच्या आत दुसरी. दोन्हीकडे ‘दरवाजा’ लिहिले, तर कोण कोणाशी लढत होते हेच वाचकाला कळणार नाही.