अनुभव धागा: शॉवरचा गिझर लावला की बटण पडतं, तुमच्याकडं कारण काय निघालं?

थंडी पडली की सोलापुरात घरोघरी हे सुरू होतं. अंगाला साबण लावलेला असतो आणि डीबीतलं (घरातल्या लाईटच्या मुख्य पेटीतलं) बटण खट्ट करून खाली येतं. मग कुणीतरी येऊन मोठी एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारं बटण) बसवून जातं आणि सगळे निर्धास्त होतात. मला याचीच काळजी वाटते, म्हणून हा धागा. ज्यांना नेमकं कारण सापडलं त्यांनी सविस्तर लिहा. पडलं ते बटण साधी एमसीबी होती की 'टेस्ट'चं बटण असलेली आरसीसीबी (करंट कुठं गळाला की पडणारी)? चालू करताच पडलं की काही वेळानं? एवढं कळलं तरी निम्मं निदान होतं.

जुळे सोलापूर
सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला पाहुणे आले की आमच्याकडं सकाळी आंघोळींची रांग लागते. पहिल्या दोघांना काही अडचण नाही, तिसऱ्याच्या वेळी एमसीबी पडायची. लगेच वर केली तर टिकायची नाही, थोडं थांबलं की चढायची. वायरमन अण्णांनी एवढं ऐकलं आणि गिझरवरची पट्टी वाचली: 4.5 किलोवॅट. आधीचा 3 किलोवॅटचा होता, म्हणजे 13 अँपिअर. नवा 230 व्होल्टला साडेएकोणीस ओढतो, आणि लाईन तीच जुनी, अडीच स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर जाडीची) वायर, 16 ची एमसीबी आणि 16 चाच प्लग. अण्णांनी डीबीपासून 4 स्क्वेअरची तांब्याची स्वतंत्र वायर ओढली, प्लग काढून डबल पोल स्विच (दोन्ही वायरी तोडणारा) दिला आणि त्यानंतरच 25 ची एमसीबी बसवली. हा क्रम महत्त्वाचा आहे. वायर न बदलता फक्त एमसीबी वाढवली असती तर बटण पडलं नसतं, पण भिंतीतली वायर तापत राहिली असती.

शेळगी
आमच्याकडं गिझर चालू करताच आरसीसीबी पडायची, अख्ख्या घराची लाईट जायची. नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळं टाकीत बोअरचं खारं पाणीच जास्त. पहिल्या वायरमननं मीटर लावला, साडेसतरा ओम आले, "अक्का, कॉइल चांगली आहे, आरसीसीबीच काढून टाकू" म्हणाला. मी काढू दिली नाही. दुसऱ्यानं मेगर (करंट कुठं गळतो का ते जास्त व्होल्टवर तपासणारा मीटर) आणला. साडेसतरा ओम हे 3 किलोवॅटच्या कॉइलला बरोबरच होते, पण कॉइल आणि गिझरची बॉडी यांच्यामध्ये जवळजवळ काहीच रोध उरला नव्हता. एलिमेंट काढलं तर त्यावर पांढऱ्या क्षाराचा जाड थर होता आणि खालची नळी तडकलेली. क्षारामुळं उष्णता पाण्यात नीट जात नाही, एलिमेंट आतून जास्त तापतं आणि फुटतं. मग करंट पाण्यात उतरतो. आरसीसीबी 30 मिलिअँपिअरच्या गळतीला पडते, म्हणून आम्ही वाचलो. आता एलिमेंट नवीन आहे आणि दरवर्षी दिवाळीच्या आधी काढून साफ करून घेते.

साखर पेठ
आमचं कारण किरकोळ, पण जाळून टाकणारं. एमसीबीचा स्क्रू ढिला होता. तिथंच गरम होऊन पडायची. मेन बंद करून उघडलं तर वायरचं टोक काळं पडलेलं. टोक कापून नवीन केलं, एमसीबी बदलली, स्क्रू आवळला.

विडी घरकुल
पूर्वी नळाला हात लावला की बारीक झिणझिण्या यायच्या. "ओल्या हातानं होतं" म्हणून सगळे सोडून द्यायचे. धाकटी लेक एकदा रडत बाहेर आली तेव्हा मालकांनी आरसीसीबी बसवून घेतली, तर ती रोज पडू लागली. शेजारी म्हणाले नवीन बटणच खराब. खराब काही नव्हतं. गळती आधीपासून होती, ती आता पकडली जात होती. प्लगच्या आर्थच्या पिनला मागून वायरच नव्हती आणि आर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत. आर्थिंग नव्यानं केलं, गिझरही बदलला. ज्यांना झिणझिण्या येतात त्यांनी आजच गिझर बंद करा, कृपा करून.

होटगी रोड
नवीन बाथरूमला वेगळी आरसीसीबी, पण गिझरचा न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) जुन्या लाईनवरून घेतलेला. फेजमधून गेलेला करंट त्याच आरसीसीबीतून परत येत नाही, म्हणून तिला ती गळतीच वाटते. न्यूट्रल हलवला, पडणं थांबलं.

अक्कलकोट रोड
आमचं अजून सुटलेलं नाही. बरेच दिवस बंद राहिल्यावर पहिल्यांदा लावला की आरसीसीबी पडते, एरवी ठीक चालतं.

*(धागा सुरू करणारा)* अक्कलकोट रोडवाले, एलिमेंटमध्ये ओल धरत असावी. जोरानं पुन्हा पुन्हा बटण वर करू नका. गिझर लाईनपासून सोडवून 500 व्होल्टचा मेगर लावून घ्या. 1 मेगाओमच्या खाली आलं तर एलिमेंट बदलायचंच. जो आकडा येईल तो इथं लिहा.