आरएसएचं गणित सुटतं, पण मामांचे पैसे कसे गेले ते सांगता येत नाही

प्रश्न: गंगापूररोड_टीई

नमस्कार. मी नाशिकला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. या सेमला माहिती सुरक्षा हा विषय आहे. सीआयएची (गोपनीयता, अखंडता, उपलब्धता या तिघांची) व्याख्या तोंडपाठ आहे. आरएसए म्हणजे दोन किल्ल्यांनी संदेशाला कुलूप लावायची पद्धत. मूळ संख्या पी 3 आणि क्यू 11, त्यांचा गुणाकार एन 33, सगळ्यांना दिलेली किल्ली ई 7, गुप्त किल्ली डी 3 हे तिचं गणित झोपेतही सोडवीन: 2 चा सातवा घात 128, त्याला 33 ने भागलं की बाकी 29. इनसेमला पैकीच्या पैकी मिळाले.

माझे मामा पिंपळगाव बसवंतजवळ द्राक्षं करतात. पॅकिंगच्या बॉक्सचं बिल पुरवठादाराकडून मेलवर येतं. या हंगामात बिलानंतर दोन दिवसांनी दुसरा मेल आला, ‘आमचं बँक खातं बदललंय, या नंबरवर भरा.’ बिल नंबर बरोबर, रक्कम बरोबर, खाली सही नेहमीचीच. मामांनी 1 लाख 80 हजार भरले. चौथ्या दिवशी पुरवठादाराचा फोन, ‘दादा, पेमेंट कधी करताय?’ लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनला तक्रार केली, पण तोवर पैसे पुढच्या खात्यांत फिरून निघून गेले होते.

रविवारी जेवताना मामा म्हणाले, ‘तू हेच शिकतेस ना गं? मग सांग, माझं चुकलं कुठं?’ मला एक वाक्य बोलता आलं नाही. घास घशाखाली उतरेना. आमच्या पुस्तकातलं नेमकं काय इथे लागू होतं? आणि हा विषय नीट शिकायचा तर सुरुवात कुठून करू?

उत्तर: खडू_आणि_फळा

मी हा विषय बरीच वर्षं शिकवतो. मामांचा प्रश्न माझ्या कुठल्याही पेपरपेक्षा चांगला आहे.

आधी बिल नंबर बघ. तो बाहेरच्याला कळला कसा? दोघांपैकी एकाची मेलपेटी कुणीतरी वाचत होतं, म्हणजे पहिली गेली ती गोपनीयता. बहुतेक वेळा असा माणूस पासवर्ड मिळवून आत शिरतो आणि सेटिंगमध्ये गुपचूप ‘फॉरवर्ड’ लावून ठेवतो. नंतर पासवर्ड बदलला तरी मेल त्याला जातच राहतात. दोघांच्याही सेटिंग तपासा.

दुसरा मेल ‘आमच्याकडून’ आहे असं म्हणत होता, पण ते पडताळायला मामांकडे काहीच नव्हतं. इथे तुझंच गणित उलटं कर. तू ई वापरून कुलूप लावलंस. आता सही करायची म्हणून डी वापर: 2 चा तिसरा घात 8. ही 8 म्हणजे 2 या संदेशावरची सही. पडताळणारा ई वापरतो: 8 चा सातवा घात 20,97,152, त्याला 33 ने भाग, बाकी 2. जुळली. मधल्या माणसाने 2 चा 5 केला तर सहीतून 2 च निघणार आणि चोरी उघडी पडणार. खऱ्या वापरात आकडे शेकडो अंकी असतात आणि सही संदेशाच्या हॅशवर (संदेशातून गणिताने काढलेल्या छोट्या ठशावर) होते, पण गाभा एवढाच. डी फक्त मालकाकडे असतो, म्हणून सही त्याचीच. वर्गात आपण कुलूप शिकवतो आणि सहीला एका परिच्छेदात उरकतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. व्यवहारात अडतं ते सहीपाशी.

उत्तर: अंबड_रात्रपाळी

ताई, मी सिक्युरिटी मॉनिटरिंगमध्ये आहे. सरांचं बरोबर, पण एक खाच आहे. मेल पाठवणारा सर्व्हर डीकेआयएम नावाची सही आपोआप करतोच, तीही बऱ्याचदा आरएसएनेच. जीमेलमध्ये ‘शो ओरिजिनल’ उघडलंत की दिसेल. पण चोराने मिळतंजुळतं डोमेन (मेल पत्त्यातलं @ नंतरचं नाव) स्वतः विकत घेतलं असेल, तर त्याच्या डोमेनची सहीसुद्धा ‘पास’ दाखवते. सही खरी, माणूस दुसरा. पत्त्यातलं एकेक अक्षर वाचा.

दुसरं, एनईएफटीत पैसे जातात ते खाते क्रमांकावर. मामांनी नाव बरोबर टाकलं असेल तरी त्याने पैसे अडत नाहीत. एप्रिल 2025 पर्यंत बँकांनी पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दाखवण्याची सोय द्यावी, असं रिझर्व्ह बँकेने सांगितलं होतं. मामांना ती वापरायला शिकवा.

शिकायचं तर स्वतःच्या लॅपटॉपवर दोन व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत चालणारे नकली कॉम्प्युटर) चढवा, एकावर साधं एचटीटीपीचं, म्हणजे कुलूप नसलेलं लॉगिन पान ठेवा आणि वायरशार्क या नेटवर्कवरची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये बघा. स्वतःचा पासवर्ड उघडा वाहताना दिसला की धडा विसरत नाही. मग ओव्हरदवायर या साइटवरचा बँडिट हा सुरक्षा शिकवणारा खेळ खेळा, फुकट आहे. कॉलेजच्या वायफायवर मात्र प्रयोग नको. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरलात तर आयटी कायद्याच्या कलम 66 खाली 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

उत्तर: जेलरोडकर

आपल्या नाशिकरोडच्या सरकारी प्रेसमध्ये ई-पासपोर्ट छापतात. त्यातल्या चिपवरच्या माहितीवर हीच डिजिटल सही असते. फोटो बदलला की सही जुळत नाही.

गंगापूररोड_टीई

सर, दादा, काल पिंपळगावला जाऊन आले. पत्त्यात इंग्रजी ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी शेजारी होते. मामांच्या फोनवर मी चष्मा लावून बघितलं तरी एकच अक्षर वाटलं. लॅपटॉपवर मोठं केलं तेव्हा फट दिसली. डीकेआयएम पास! पुरवठादारालाही फोन केला. त्यांच्या मेलपेटीत खरंच एक अनोळखी फॉरवर्ड निघाला, तो काढला आणि टू-स्टेप (पासवर्डनंतरची दुसरी खातरजमा) चालू करून दिलं. बाकी ग्राहकांना ते आज फोन करताहेत.

मामांना वहीत 2, 8, 2 करून दाखवलं. त्यांनी पुरवठादाराचा फोन नंबर फवारणीच्या डायरीच्या पहिल्या पानावर लिहिला आणि खाली ‘खातं बदललं तर आधी इथे विचारणे’. मग मला विचारलं, ‘पण ती सही उघडण्याची किल्ली पुरवठादाराचीच, हे तुला कुणी सांगितलं?’ सर, याचं उत्तर काय?

खडू_आणि_फळा

मामांनी पुढचा धडा स्वतःच काढला. त्याला सर्टिफिकेट म्हणतात. किल्ली कुणाची, यावर तिसरा कुणीतरी सही करतो. आपल्याकडे आयटी कायदा 2000 खाली सीसीए हा सरकारी नियंत्रक हे काम करणाऱ्यांना परवाना देतो. पुरवठादाराची कंपनी असेल तर जीएसटी भरायचं डीएससी टोकन (डिजिटल सहीची किल्ली असलेला पेनड्राइव्हसारखा तुकडा) त्यांच्याकडे असणार. ते लावून बिलाच्या पीडीएफवर सही करायला सांग, आणि उघडल्यावर सहीवर क्लिक करून कुणाकुणाची नावं दिसतात ते इथे लिही.